ऑनलाइन पोकरमध्ये एखादा सारखाच जिंकतो म्हणजे तो चीटिंग करतोय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे टोरोंटोला राहतात, रात्री काम आटपलं की पंचवीस-पन्नास सेंटच्या सहा जणांच्या टेबलावर नो लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच, आणि बेट कितीही मोठी) खेळतात, आणि गेले दोन महिने एकच अकाउंट त्यांना सारखं आडवं येतंय. तो निम्मे हात खेळतो, वाट्टेल त्या पत्त्यांवर कॉल करतो, म्हणजे समोरच्याएवढे पैसे टाकून हातात राहतो, रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, नेमका ब्लफ पकडतो, आणि तरी वरच आहे. ट्रॅकरमध्ये, म्हणजे हात नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्याचे १,४०० हात जमलेत आणि १०० हातांमागे ३८ बिग ब्लाइंड (हात सुरू होताना टाकायची सक्तीची मोठी बेट, इथे पन्नास सेंट) एवढा तो जिंकतोय. त्यांनी सरळच विचारलंय की याला माझे पत्ते दिसतात का?

मी बरीच वर्षं ऑनलाइन कॅश गेम खेळलोय आणि नंतर एका साइटच्या गेम इंटिग्रिटी टीममध्ये, म्हणजे तक्रार आली की हात उघडून तपासणाऱ्या लोकांमध्ये काम केलंय, त्यामुळे संशय घेणारे आणि ज्यांच्यावर संशय घेतला जातो ते, दोन्ही जवळून बघितलेत. तर उत्तर आधीच देऊन टाकतो. १,४०० हातांवरून काहीच सांगता येत नाही, आणि त्याचं जिंकणं हा मुळात पुरावाच नाही. पण तुमचा संशय खुळचट आहे असंही मी म्हणणार नाही, कारण समोरच्याचे पत्ते बघून खेळणारे लोक खरोखर होऊन गेलेत, एकदा नाही अनेकदा, आणि सगळ्यात मोठ्या दोन प्रकरणांत साइट सुरुवातीला कानावर हात ठेवत होती आणि खेळणारे बरोबर होते. फक्त ते "हा फार जिंकतो" एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला, तो असा की याचे निर्णय त्याला जे दिसायला नको त्याच्याशी जुळतायत का? सगळा खेळ या एका प्रश्नात आहे.

आधी आकडे, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. सहा जणांच्या नो लिमिट टेबलावर साधारण खेळाडूचं स्टँडर्ड डेव्हिएशन १०० हातांमागे ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं, आपण ९० धरू. म्हणजे शंभर-शंभर हातांचे गठ्ठे केले तर प्रत्येक गठ्ठ्यात निकाल सरासरीपासून ९० बिग ब्लाइंड इकडे किंवा तिकडे उडणं हे रोजचंच. तुमच्याकडे १,४०० हात म्हणजे असे १४ गठ्ठे. ९० ला १४ च्या वर्गमुळाने भागा, २४ येतात. म्हणजे त्या ३८ च्या आकड्यावर २४ ची चूक एका स्टँडर्ड डेव्हिएशनमध्येच बसते. जो माणूस ना जिंकतो ना हरतो असा अगदी बरोबरीतला आहे, तो सुद्धा १,४०० हातांत एवढं किंवा याहून जास्त जिंकण्याची शक्यता अठरात एक निघते. त्यात तुमचा हा गडी निम्मे हात खेळतो म्हणताय, असे लूज खेळाडू जास्त उडतात, त्यांचं डेव्हिएशन १२० धरलं तर शक्यता आणखी वाढते. आणि दहा हजार हात झाले तरी ९५ टक्के खात्रीने आपण फक्त एवढंच म्हणू शकतो की खरा आकडा दिसतोय त्याच्या १८ इकडे किंवा तिकडे आहे. एक लाख हातांना तो फरक साधारण साडेपाच-सहावर येतो, आणि चांगल्या खेळाडूचा खरा विन रेटच, म्हणजे १०० हातांमागची कमाई, पाच बिग ब्लाइंडच्या आसपास असतो, यावरून समजा की वीस-तीस हजार हातांवर छाती फुगवणाऱ्याला आणि तेवढ्याच हातांवर रडणाऱ्याला दोघांनाही अजून काहीच कळलेलं नसतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती फारसं कुणी लक्षात घेत नाही. तुम्ही हा अकाउंट आधी निवडून मग तपासला नाही, तो जिंकत होता म्हणून तुमच्या डोळ्यात भरला आणि मग तुम्ही त्याचे आकडे काढले. एखाद्या साइटवर पन्नास हजार लोक खेळत असतील तर निव्वळ नशिबाने तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर जाणारे साठ-सत्तर जण तिथे कुठल्याही क्षणी असणारच, चारच्या वर सुद्धा एखाददुसरा असतो. त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी टेबलावर बसलेला आहे आणि तो कुणीतरी आत्ता हेच म्हणतोय की याला माझे पत्ते दिसतात. तुमच्या प्रांतात, ओंटारियोत, २०२२ ला परवाने देऊन मार्केट उघडलं तेव्हापासून खेळणारे प्रांतातल्या प्रांतातच होते, पूल लहान, त्यामुळे तीच ती नावं रोज समोर येतात आणि जो सध्या चढता आहे तो आपल्याच मागे लागलाय असं वाटायला लागतं.

आता खरी प्रकरणं, कारण त्यातूनच कळतं की पुरावा कसा दिसतो.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर १,००० डॉलर एन्ट्रीची एक टुर्नामेंट झाली. 'पॉटरिपर' नावाच्या अकाउंटने जिंकली, मार्को जॉन्सन नावाचा खेळाडू दुसरा आला. शेवटच्या हाताला जॉन्सनने ऑल-इन, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं, टाकलं आणि पॉटरिपरने कॉल केला तो कशावर, तर नुसत्या दश्शीवर, जोडी नाही, ड्रॉ पूर्ण नाही, काही नाही, आणि समोर नव्वी हाय, म्हणजे सगळ्यात मोठा पत्ता नव्वी, होती. असा कॉल माणूस करतच नाही. ऑल-इन टाकणाऱ्याच्या हातात काहीही असतं तरी दश्शी हाय जवळपास सगळ्याला हरते, ती जिंकते फक्त त्या एकाच प्रकारच्या हाताला जो नेमका तिथे होता. जॉन्सनने साइटकडे हँड हिस्टरी मागितली. अशा फाईलीत एरवी आपले पत्ते आणि शोडाउनला उघडे पडलेले पत्ते एवढंच असतं, पण त्याला आली ती एक्सेल फाईल आणि तिच्यात सगळ्यांचे बंद पत्ते होते, शिवाय टेबलाला प्रेक्षक म्हणून कोण कधी येऊन बसलं त्याची नोंद. लोकांनी ती ओळ न् ओळ वाचली. सुरुवातीला पॉटरिपर सरळ फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकून देतो, मग ३६३ नंबरचा एक प्रेक्षक टेबलाला येतो, आणि तिथून पुढे पॉटरिपरचा खेळच बदलतो, तो टेबल बदलेल तिथे ३६३ मागे मागे. लाखो युजर असलेल्या साइटवर तीन आकडी नंबर म्हणजे ते अगदी सुरुवातीच्या काळातलं, आतलं अकाउंट होतं. कंपनी त्याआधी म्हणत होती की आम्हाला काही गैर आढळलं नाही. पुढे कबूल करावं लागलं आणि २००८ च्या जानेवारीत साइटना परवाने देणाऱ्या मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके गेमिंग कमिशनने त्यांना पाच लाख डॉलर दंड केला.

अल्टिमेटबेटचं प्रकरण लगेच पाठोपाठ आलं आणि मला ते जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे अशी कुठली फाईल हातात पडली नव्हती, नुसते आकडे होते. 'निओनिओ' नावाचा अकाउंट मोठ्या टेबलांवर बेफाम खेळून बेफाम जिंकत होता. मायकेल जोसेम या खेळाडूने एक आलेख काढला, एका बाजूला खेळाडू किती टक्के हात खेळतो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा विन रेट. बाकी सगळ्या खेळाडूंचे ठिपके एका ढगात गोळा झाले आणि एक ठिपका त्या ढगापासून इतका लांब की नजर चुकून तिकडे जावी असं नाही, तोच आधी दिसतो. नुसतं जिंकणं लांब नव्हतं, एवढे रद्दी हात खेळून एवढं जिंकणं लांब होतं. लूज खेळणारे हरतात हा पोकरमधला जवळजवळ कायदाच आहे, कारण कमजोर पत्त्यांनी आत शिरलं की पुढे प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला समोरचा काय घेऊन बसलाय ते ओळखावं लागतं आणि ते कुणालाच एवढं ओळखता येत नाही. ज्याला पत्ते दिसतात त्याला मात्र कुठलेही दोन पत्ते चालतात. कमिशनने चौकशी करून २००८ च्या सप्टेंबरमध्ये रस हॅमिल्टनला मुख्य जबाबदार ठरवलं, जो १९९४ चा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट जिंकलेला माणूस. साइटला १५ लाख डॉलर दंड झाला आणि खेळाडूंना सुमारे २.२ कोटी डॉलर परत द्यावे लागले. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये तपासणीच्या नावाखाली ठेवलेल्या खिडकीतून चाललं होतं, आणि वर्षानुवर्षं चाललं होतं.

हे जुनं झालं, आता असं होत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना २०२३ चा डिसेंबर सांगा. जीजीपोकरवर 'मनीटेकर६९' नावाचा अकाउंट, खेळाडूंनी जमवलेल्या काही हजार हातांवर १०० हातांमागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास, तेही निम्म्याहून जास्त हात खेळून. कंपनीने स्वतः निवेदन काढून मान्य केलं की त्याने डेस्कटॉप ॲपमध्ये फेरफार करून टेबलावरच्या थम्ब्स अप-डाउन रिॲक्शनच्या सोयीतून झिरपणारी माहिती पकडली होती, पत्ते दिसत नव्हते पण आपण जिंकण्याची शक्यता किती हे त्याला काढता येत होतं. कंपनीने २९,७९५ डॉलर जप्त केले, अकाउंट बंद केला, भोक बुजवलं. इथे आपला आधीचा हिशोब लावून बघा. लूज खेळ म्हणून डेव्हिएशन १५० धरा, ९,००० हात म्हणजे ९० गठ्ठे, चूक जवळपास १६. ९० भागिले १६ म्हणजे साडेपाच स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर, आणि ते सुद्धा अशा स्टाईलवर जी सरासरीला खोल तोट्यात असते. तुमचे दीड स्टँडर्ड डेव्हिएशन कुठे आणि हे कुठे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तुम्हाला त्याचे पत्ते दिसत नाहीत पण तुमचे स्वतःचे तर माहीत आहेत ना, मग ते वापरा. त्याच्याविरुद्ध तुम्ही रिव्हरला जेवढ्या बेट केल्या ते सगळे हात बाजूला काढा आणि दोन ढीग करा, एक तुमच्याकडे खरंच भारी हात होता तो, दुसरा तुम्ही ब्लफ करत होता तो. आता दोन्ही ढिगांत तो किती वेळा फोल्ड करतो ते मोजा. ज्याला पत्ते दिसत नाहीत त्याला तुम्ही कुठल्या ढिगात आहात हे कळायला मार्गच नाही, त्यामुळे त्याचं फोल्ड करण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच यायला हवं. समजा भारी हाताच्या ३६ बेट आहेत आणि ब्लफच्या २४. पहिल्यात तो २० वेळा फोल्ड, दुसऱ्यात ११ वेळा, तर हा प्रामाणिक माणूस आहे, झोपा शांतपणे. पहिल्यात ३३ वेळा फोल्ड आणि दुसऱ्यात फक्त तीनदा, तर मग उठून बसा, कारण हे नशिबाने होत नाही.

पण यात एक मोठी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. बेटचा साइझ सारखा असलेलेच हात एकमेकांशी तोलायचे. कारण खूप लोक भारी हात आला की मोठी बेट करतात आणि ब्लफला हात आखडता घेतात, किंवा ब्लफ करताना पटकन क्लिक करतात आणि नट्स, म्हणजे सगळ्यात भारी हात, असले की थोडं थांबून नाटक करतात, आणि असं असेल तर समोरच्याला तुमचे पत्ते दिसायची गरजच नाही, तुम्हीच त्याला सांगताय. तपासणीला आलेल्या "याला माझे पत्ते दिसतात" अशा तक्रारींमध्ये हे इतक्या वेळा निघायचं की आम्ही आधी तक्रार करणाऱ्याच्याच बेट साइझिंगचा तक्ता काढायचो. तेव्हा तुमचा तक्ता आधी काढा, प्रामाणिकपणे काढा, ब्लफ कुठला आणि व्हॅल्यू, म्हणजे भारी हाताची बेट, कुठली हे निकाल बघून ठरवू नका, त्या क्षणी तुम्ही काय समजून बेट केली त्यावर ठरवा.

अजून एक लक्षात ठेवा, आठवणीवर विसंबू नका. शोडाउनला तुम्हाला फक्त ते हात दिसतात ज्यात कॉल झाला. त्याने पन्नास वेळा निमूट फोल्ड केलं ते कुठेच उमटत नाही, आणि पंजी-सत्तीवर कॉल करून जिंकला तो हात रात्री झोपताना डोळ्यासमोर येतो. म्हणून म्हणतो, सगळे हात घ्या, आठवतायत तेवढेच नको.

आता माझं खरं म्हणणं. पत्ते बघून खेळणारा वेड्यासारखा दिसतो, पण तो आज फार क्वचित सापडतो. आज जे चीटिंग जास्त चालतं ते दिसायला कंटाळवाणं असतं, त्यात कुणी १०० हातांमागे ३८ जिंकत नाही, आणि तुम्ही ज्याच्यावर डोळा ठेवून बसलाय त्याच्या शेजारी ते गुपचूप चालू असू शकतं.

२०१५ च्या सुमाराला पिओसॉल्व्हरसारखे प्रोग्रॅम सगळ्यांच्या हातात आले. एखादी परिस्थिती भरली की ते तिचं जवळपास बिनचूक उत्तर काढून देतात. अभ्यासाला वापरा, काही हरकत नाही, गंभीर खेळणारे सगळेच वापरतात. पण हात चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर उत्तर बघून खेळणं म्हणजे रिअल टाइम असिस्टन्स, आणि ती उघड चोरी आहे. २०२० मध्ये जीजीपोकरने याच कारणासाठी ४० अकाउंट बंद केले, आणखी ४० जणांना ताकीद दिली आणि सुमारे ११ लाख ७५ हजार डॉलर जप्त करून वाटले. असा माणूस विन रेटवरून पकडता येत नाही, तो चांगल्या खेळाडूसारखाच जिंकतो. तो पकडला जातो चुका न करण्यावरून. माणूस दमतो, चिडतो, अवघड जागी घुटमळतो, दुर्मिळ परिस्थितीत अडखळतो. ज्याला सोप्या निर्णयाला आणि अतिशय किचकट निर्णयाला सारखाच वेळ लागतो आणि रात्री तीनला सुद्धा संध्याकाळी सातसारखाच खेळतो, त्याच्याकडे आम्ही बघायचो. आणि हे तुम्हाला टेबलावरून दिसणार नाही, ते हजारो निर्णय सॉल्व्हरशी ताडून साइटलाच काढावं लागतं.

सॉल्व्हरने आणखी एक घोळ केलाय. त्याच्यामुळे चांगल्या लोकांचा खेळच विचित्र दिसायला लागला. पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, दीडपट बेट, पॉटच्या चौथ्या हिश्शाची बेट, नुसत्या एक्क्यावर रिव्हरला कॉल, ब्लफ पकडायला मुद्दाम असा हात निवडणं की ज्यात समोरच्याचा हुकलेला फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे पाच पत्ते जमायचे राहिलेला हात) अडवणारा पत्ता नाही. दहा वर्षांपूर्वी असं कुणी केलं असतं तर आपण म्हटलं असतं हा एकतर येडा आहे नाहीतर त्याला पत्ते दिसतात, आता तो बहुधा फक्त अभ्यास करून आलेला असतो. तुमच्या या खेळाडूबद्दल मला सगळ्यात जास्त शक्यता दोनच वाटतात, एकतर नशीब जोरावर असलेला लूज खेळाडू, जो पुढच्या पाच हजार हातांत सगळं परत देईल, नाहीतर तुमच्या बेट साइझिंगमधून तुम्हाला वाचणारा हुशार माणूस.

बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम, आणि संगनमत, यांचंही असंच. २०१५ मध्ये पोकरस्टार्सवर पॉट लिमिट ओमाहा या चार बंद पत्त्यांच्या पोकरच्या मधल्या टेबलांवर बॉटची टोळी सापडली, आणि ती सुद्धा आधी खेळाडूंनीच काढली, कशी तर अनेक अकाउंटचे आकडे एकमेकांशी दशांशापर्यंत जुळत होते, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून १५ लाख डॉलरच्या आसपास नेल्याचा अंदाज होता. एकेकटा कुणीच अफाट जिंकणारा नव्हता. संगनमतात तर दोघं तिघं फोनवर बोलत एका टेबलाला बसतात, एकमेकांविरुद्ध अंगचोरी करतात आणि मधल्या तिसऱ्याला रेझ-रीरेझच्या, म्हणजे बेटवर बेट वाढवण्याच्या, चरकात घालून पिळतात. तिथे एकाचा विन रेट बघून उपयोगच नाही, जोडी बघावी लागते, कोण कायम कुणाबरोबर बसतं, आणि दोघंच पॉटमध्ये उरले की अचानक गरीब गाय का होतात. ही एक गोष्ट तुम्हाला टेबलावर बसून बघता येण्यासारखी आहे आणि मी म्हणेन तुमच्या त्या खेळाडूपेक्षा याच्याकडे जास्त लक्ष द्या.

आणि चोर साइटच्या आत नाही तर तुमच्या लॅपटॉपच्या आत असू शकतो. २०१५ मध्ये ईसेट या अँटीव्हायरस कंपनीने ओडलानोर नावाचा स्पायवेअर उघडकीला आणला, तो पोकरस्टार्स आणि फुल टिल्टच्या खिडकीचे स्क्रीनशॉट काढून पाठवायचा, आणि यायचा कुठून तर फुकट डाउनलोड केलेल्या प्रोग्रॅममधून, त्यात पोकरची टूल्स सुद्धा होती. त्याआधी २०१३ मध्ये बार्सिलोनाला टुर्नामेंटसाठी गेलेल्या येन्स क्युलोनेन या फिनिश खेळाडूचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून गायब होऊन परत आला, त्याला संशय आला, एफ-सिक्युअर या सिक्युरिटी कंपनीकडे तपासायला दिला तर आत समोरच्याला स्क्रीन दाखवणारा ट्रोजन निघाला. तुम्ही ट्रॅकर कुठून घेतलाय? क्रॅक केलेला असेल तर आधी तो काढा, बाकी सगळं नंतर. मी हे जोर देऊन सांगतोय कारण तुमचे पत्ते खरंच कुणाला दिसत असतील तर या रस्त्याने दिसण्याची शक्यता साइटच्या भोकापेक्षा मला जास्त वाटते.

"पत्ते पिसणंच फिक्स आहे" हेही लोक सारखं म्हणतात म्हणून दोन शब्द. गणपतीच्या जागरणाला रमी बसते तेव्हा पिसणारे हात समोर असतात, इथे नसतात, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे, आणि तीही एकदा खरी ठरलीय. १९९९ मध्ये एएसएफ सॉफ्टवेअरने आपण किती प्रामाणिक आहोत हे दाखवायला आपला पिसण्याचा कोडच साइटवर टाकला होता, तेव्हाच्या प्लॅनेट पोकरवर तोच चालायचा. काही सिक्युरिटीवाल्या मंडळींनी तो वाचला. बावन्न पत्त्यांचे क्रम आठच्या पुढे ६७ शून्यं एवढे होतात, पण या कोडचा बी, म्हणजे ज्या आकड्यापासून पिसणं सुरू होतं तो, होता मध्यरात्रीपासून झालेले मिलिसेकंद, म्हणजे दिवसाचे फक्त ८ कोटी ६४ लाख क्रम. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरले साधारण दोन लाख. आपले दोन पत्ते आणि फ्लॉपचे, म्हणजे मध्ये पहिले उघडणारे, तीन एवढे कळले की त्या दोन लाखांतला नेमका कुठला ते प्रोग्रॅम शोधून द्यायचा, आणि मग सगळ्यांचे पत्ते, टर्न, रिव्हर (मधला चौथा आणि पाचवा पत्ता), सगळं उघडं. आज परवाना असलेल्या साइट हार्डवेअरमधून येणारे रँडम आकडे वापरतात आणि बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतात. पण लक्षात घ्या, तेव्हाही पिसणं कुणाच्या बाजूने फिक्स नव्हतं, ते ओळखता येत होतं. साइटला रेक, म्हणजे पॉटमधला तिचा वाटा, मिळतो तो कुणीही जिंकलं तरी तेवढाच, तुम्हालाच हरवण्यात तिला कवडीचा फायदा नाही.

इकडे भारतातून वाचणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि इथल्या साइटनी पैशाची टेबलं बंद केली. गोव्यात कॅसिनोत समोरासमोर बसून खेळणारे खेळतात, पण पुण्या-मुंबईतले बरेच जण व्हॉट्सॲपवरच्या एजंटमार्फत चालणाऱ्या क्लब ॲपकडे वळलेत असं ऐकतो, आणि तिथे माझं मत अगदी उलट आहे. तिथे संशय आला तर आकडेमोड करत बसू नका, उठा. कायद्याने शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे खरं, पण पैसे बुडाले तर तुम्ही जाणार कुणाकडे? क्लबचा मालक तोच, हिशोब ठेवणारा तोच, टेबलावर कुणाला बसवायचं ते ठरवणारा तोच, आणि चार अकाउंट एकाच खोलीतून खेळतायत का हे तपासणारं कुणीच नाही.

तुमच्याकडे मात्र परवाना असलेली साइट आहे, तेव्हा तक्रार करा, पण नीट करा. "हा चोर आहे, याला बॅन करा" अशी तक्रार रोज ढिगाने येते आणि तिचं पुढे काही होत नाही, कारण तपासणाऱ्याला कुठे बघायचं तेच कळत नाही. हातांचे नंबर द्या, दहा-पंधरा पुरेत, तारीख आणि टेबल द्या, आणि एका वाक्यात सांगा की तुम्हाला नेमकं काय खटकतंय, उदाहरणार्थ अमुक साइझच्या बेटला भारी हातावर हा इतक्यांदा फोल्ड करतो आणि ब्लफवर इतक्यांदा नाही. असा मेल आला की माणूस खुर्चीत सरळ बसतो, हे मी बघितलंय. साइटकडे त्याचे सगळे बंद पत्ते आहेत, डिव्हाइस आहे, आयपी आहे, क्लिकची वेळ आहे, तुम्हाला महिने लागतील ते त्यांना एका दुपारीत कळतं. तुम्हाला उत्तर बहुधा कोरडंच येईल की आम्ही अकाउंट तपासला, गोपनीयतेमुळे जास्त सांगता येत नाही, त्याचा अर्थ तपासलं नाही असा घेऊ नका, आणि काही निघालं तर पैसे थेट अकाउंटला जमा होतात. समाधान नाहीच झालं तर आयगेमिंग ओंटारियो या प्रांताच्या सरकारी संस्थेकडे दाद मागता येते. तोपर्यंत त्याचं नाव घेऊन चारचौघांत चोर म्हणू नका, आठपंधरा दिवसांच्या नशिबापायी प्रामाणिक माणसाची बदनामी झालेली मी बघितलीय आणि ती पुसता येत नाही.

आणि टेबलाचं म्हणाल तर त्याच्या डाव्या हाताची जागा मिळाली तर घ्या, म्हणजे तो काय करतो ते आधी बघून तुम्हाला ठरवता येईल, नाही मिळाली तर दुसरं टेबल बघा. ते रिव्हरचे दोन ढीग करून झाले, सारख्या साइझचे निदान चाळीस-पन्नास हात जमले, की आकडे इथे टाका, त्याचं नाव न टाकता, मी बघून सांगतो.